बचत राखावी लागते

जून उजाडला की पुण्यात वर्तमानपत्र हाती घेताच नजर आधी धरणसाठ्याच्या चौकटीकडे जाते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चारही धरणं काठोकाठ भरली तर साठा होतो सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातूनच शहराची तहान भागवायची आणि हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीलाही पाणी द्यायचं. आकडा खाली आला की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : कपात कधीपासून? २०१५ साली पाऊस कमी पडला, तेव्हा सप्टेंबरपासून पुण्याला दिवसाआड पाणी मिळू लागलं आणि पुढचा सगळा उन्हाळा लोकांनी तसाच काढला. २०२३च्या मे महिन्यात पाऊस लांबण्याची चिन्हं दिसली म्हणून दर गुरुवारी पाणी बंद ठेवायचं ठरलं. अशा दिवसांत माणसं खरोखर मनापासून पाणी वाचवतात. गाडी पाइपऐवजी ओल्या फडक्याने पुसतात, भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना घालतात. पुण्याच्या या सवयीचा मला अभिमान वाटतो.

याच काळात घराघरांत आणखी एक बदल होत गेला, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. पूर्वी वाड्यांत, चाळींत, सरकारी वसाहतींत संडासात उंचावर बिडाची टाकी असायची. साखळी ओढली की १० किंवा १२.५ लिटर पाणी धाडकन खाली यायचं. आता नव्या इमारतींत, आणि जुनं घर दुरुस्तीला काढलं की तिथेही, दोन बटणांची टाकी बसते. लहान बटणाला साधारण ३ लिटर, मोठ्याला ६. ही टाकी मूळची ऑस्ट्रेलियातली. पाण्याची चणचण त्या देशाला जन्माची. १९८० साली तिथल्या कॅरोमा कंपनीत ब्रूस थॉम्पसन यांनी दोन बटणांची टाकी तयार केली आणि पुढे ती जगभर पोचली.

तिने किती पाणी वाचतं, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. समजा घरात चार माणसं आहेत. प्रत्येकजण दिवसातून पाच वेळा फ्लश वापरतो, एकदा मोठं बटण आणि चारदा लहान. जुन्या १० लिटरच्या टाकीला त्या घराचे दिवसाला २०० लिटर लागले असते. नव्या टाकीला ७२ लागतात. रोज १२८ लिटर पाणी वाचलं. राष्ट्रीय इमारत संहितेत पाण्याचा हिशेब मांडताना फ्लशसाठी माणशी रोजचे ४५ लिटर धरतात. इथे माणशी १८ लिटरमध्ये काम भागतं. एवढी मोठी बचत, आणि तीही कोणाला काही सोडावं न लागता! आंघोळ कमी केली नाही, कपडे कमी धुतले नाहीत. टाकी बदलली, एवढंच.

पण ही बचत एका लहानशा चकतीवर उभी आहे. टाकीच्या तळाशी पाणी सोडणारा व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्या बुडाला रबराचं किंवा सिलिकॉनचं गोल सील. बटण दाबलं की व्हॉल्व्ह उचलला जातो, ठरलेलं पाणी गेलं की खाली बसतो आणि ते सील भोक बंद करतं. हे बंद होणं थोडंसं जरी बिघडलं, तरी पाणी झिरपत राहतं. मिनिटाला एक लहान कप, म्हणजे १०० मिलिलिटर, एवढंच झिरपलं असं धरू. तासाला ६ लिटर झाले. दिवसाला १४४. रोजची १२८ लिटरची बचत तर गेलीच, वर १६ लिटर जास्तीचे गेले. घरात नवी टाकी आहे, लहान बटण दाबायची सवय आहे, मुलांनाही ती लावली आहे, आणि तरी त्या घराचा खर्च जुन्या साखळीच्या टाकीपेक्षा जास्त आहे. कळतही नाही, कारण भांड्याच्या मागच्या बाजूने उतरणारी पाण्याची पातळ धार ना डोळ्यांना दिसते ना कानाला ऐकू येते.

हे पाणी कुठून आलेलं असतं ते आठवावं. खडकवासल्याहून ते पर्वतीच्या, वारज्याच्या किंवा वडगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं. तिथे गाळ बसवतात, गाळतात, क्लोरीन घालतात. मग ते शहराच्या उंच टाक्यांत चढवलं जातं, तिथून आपल्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत उतरतं आणि पंप लावून पुन्हा गच्चीवर चढवलं जातं. स्वयंपाकघरातला नळ गळत असेल तर खाली पातेलं ठेवता येतं. बागेतला नळ गळला तर निदान झाडाला पाणी मिळतं. फ्लशच्या टाकीतून झिरपलेलं पाणी मात्र कोणाच्याही उपयोगी न पडता थेट मैलापाण्यात मिसळतं. पिण्याइतकं स्वच्छ पाणी मैल्याबरोबर नायडू किंवा भैरोबा नाल्याच्या केंद्राकडे जातं आणि तिथे ते पुन्हा शुद्ध करायचा खर्च शहरावर पडतो. ज्या प्रवाहाने कोणाची तहान भागली नाही, हातसुद्धा धुतले गेले नाहीत, त्याच्यावर दोनदा मेहनत घ्यावी लागते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सील खराब का होतं? त्याचंही आयुष्य असतं, इतकं साधं कारण आहे. शुद्धीकरणातल्या क्लोरीनने रबर हळूहळू कडक होतं. धरणाच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण ज्या इमारतींत फ्लशला बोअरचं किंवा टँकरचं पाणी जोडलेलं असतं तिथे सीलच्या कडेवर पांढरा थर चढतो आणि चकती सपाट बसत नाही. टाकीत टाकायच्या निळ्या गोळ्यांपैकी काहींत क्लोरीनच असतं. पाणी सुंदर दिसतं आणि सील आतून झिजतं. टंचाईच्या दिवसांत पाणी कमी लागावं म्हणून काहीजण टाकीत वीट ठेवतात. हेतू चांगलाच असतो, पण विटेचा भुगा सुटतो आणि त्यातला एक कण सीलखाली अडकला तरी गळती सुरू होते. वीट ठेवण्यापेक्षा टाकी भरणारा फ्लोट खाली करून पातळी कमी करणं बरं.

मग दुरुस्तीची वेळ येते, आणि बचत टिकते की जाते ते तिथे ठरतं. रविवार पेठेतली बोहरी आळी असो की आपल्या कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान, गिऱ्हाईक काउंटरवर येऊन म्हणतं, "फ्लशच्या टाकीचं रबर द्या." दुकानदार विचारतो, "कुठल्या कंपनीची टाकी? जुना पार्ट आणलाय का?" जुना पार्ट आणलेला नसतो, कंपनी आठवत नसते. मग एखादा 'सगळ्याला बसणारा' व्हॉल्व्ह पिशवीत पडतो. प्लंबर तो बसवतो, बटण दाबलं की पाणी येतं, काम झालं. कोणाचा दोष असा काढता येत नाही. गिऱ्हाईक घाईत असतं, दुकानदार आहे ते देतो, प्लंबरला पुढच्या घरी जायचं असतं. पण टाकी आता पहिली टाकी राहिलेली नसते.

टाकीत काय बदललं, ते बघण्यासारखं आहे. मूळ व्हॉल्व्ह त्या टाकीच्या उंचीला आणि भांड्याच्या आकाराला जुळवून केलेला असतो. लहान बटणाला किती पाणी गेल्यावर व्हॉल्व्ह मिटायचा, हे त्यातल्या लहानशा फ्लोटच्या जागेवरून ठरतं. नव्या पार्टमध्ये तो फ्लोट खाली सरकलेला असेल तर व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि ३ लिटरच्या जागी ५ लिटर जातात. काही वेळा दोन बटणांच्या टाकीत एकाच मापाचा व्हॉल्व्ह बसवला जातो. वरची बटणं दोन राहतात, पण कुठलंही दाबलं तरी पूर्ण टाकी रिकामी होते. पाणी भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह वरच्या खुणेपलीकडे लावला तर पातळी ओव्हरफ्लोच्या नळीपर्यंत चढते आणि अखंड धार सुरू होते. उलट पाणी फार कमी केलं तर भांडं साफ होत नाही, माणूस दोनदा बटण दाबतो आणि वाचलेलं पाणी तिथेच जातं. सील अर्ध्या मिलिमीटरने जाड किंवा बारीक निघालं तरी झिरपणं आलंच. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. झाकण लावलेली टाकी तीच, बटणं तीच, घरातल्यांचा हेतूही तोच.

हा अनुभव एकट्या पुण्याचा नाही. अमेरिकेने १९९२ साली कायदा केला आणि १९९४ पासून घरगुती फ्लशला सुमारे ६ लिटरची मर्यादा घातली. लाखो घरांत नव्या टाक्या बसल्या. काही वर्षांनी तिथल्या पाणीपुरवठा संस्थांच्या लक्षात आलं, की आतलं रबर झिजल्यावर लोक बाजारात मिळेल ते बसवतात आणि ६ लिटरची टाकी पुन्हा जास्त पाणी घेऊ लागते. ब्रिटनमध्ये आणखी वेगळं घडलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या टाकीत सायफन असायचा. पाणी आधी वर चढून मग उतरायचं, त्यामुळे तळाशी सील नव्हतं आणि झिरपायला जागाच नव्हती. २००१ पासून तिथे दोन बटणांच्या व्हॉल्व्हला परवानगी मिळाली. एका वेळचं पाणी कमी झालं, पण गळक्या टाक्या ही नवी डोकेदुखी होऊन बसली.

आपल्या साखळीच्या टाकीतही सायफनच होता. ती पाणी भरपूर घ्यायची, पण तळातून गळायची नाही. फ्लोट बिघडला तर जादा पाणी बाहेर काढलेल्या नळीतून खाली पडायचं आणि शेजारी ओरडून सांगायचे, "अहो, तुमची टाकी वाहतेय!" नव्या टाकीचं जादा पाणी आतल्या आत भांड्यात उतरतं. त्यामुळे शेजाऱ्याने सांगायची सोय गेली आणि लक्ष ठेवायची जबाबदारी पूर्णपणे घरातल्या माणसावर आली. माझ्या मते नव्या टाकीबरोबर आपण हीच गोष्ट घरी आणली आणि कोणी ती आपल्याला समजावून सांगितली नाही. कमी पाण्यात काम करणारी वस्तू जास्त लक्ष मागते.

असं लक्ष ठेवणं पुण्याला नवीन नाही. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं. कुठलाही पंप नाही. केवळ उताराच्या जोरावर ते शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पोचायचं. ही योजना बांधणाऱ्यांनी नळाच्या वाटेवर हवा बाहेर पडावी म्हणून जागोजागी उच्छ्वास ठेवले, गाळ खाली बसावा म्हणून हौद ठेवले आणि माणसाला आत उतरून सफाई करता येईल अशी रचना केली. गाळ साचणारच हे त्यांनी बांधतानाच मान्य केलं होतं. म्हणून ते पाणी पिढ्यान्‌पिढ्या वाहिलं.

दुसरं उदाहरण खडकवासल्याचं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्यात अभियंता होते. पावसाळ्यात धरणाच्या सांडव्यावरून जादा पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात कमी पडायचं. त्यांनी सांडव्यावर आपोआप चालणारी दारं बसवली. १९०३ साली ती कामाला लागली. पाणी ठरलेल्या पातळीवर आलं की दारं स्वतःच उघडायची, पूर उतरला की स्वतःच मिटायची. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. पाण्याच्या पातळीने दार उघडावं आणि मिटावं, हेच तत्त्व आज आपल्या फ्लशच्या टाकीत फ्लोटच्या रूपाने काम करतं. त्या दारांचा सगळा उपयोग ती नीट मिटण्यात होता. एक दार जरी अर्धवट बसलं असतं, तर वाढवलेला साठा तिथूनच निघून गेला असता. अभियंत्याची बुद्धी दार शोधून काढते. ते दार वर्षानुवर्षं नीट मिटत ठेवणं ज्याच्या हाती असतं त्याचं काम तितकंच मोलाचं आहे.

म्हणून मला वाटतं, या लहान पार्टला आपण त्याचा मान द्यायला हवा. टाकी बनवणाऱ्या कंपन्यांनी मॉडेलचा क्रमांक झाकणाच्या आत ठळक आणि न पुसणाऱ्या अक्षरांत छापावा. मॉडेल बंद झालं तरी त्याचं सील आणि व्हॉल्व्ह बरीच वर्षं मिळत राहावेत. भिंतीत गाडलेल्या टाक्यांच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं आहे, कारण तिथे पार्ट न मिळाला तर भिंत फोडायची वेळ येते. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहनं यांच्यापासून सुरुवात झाली. पाणी वाचवणाऱ्या उपकरणांचाही त्यात स्पष्ट विचार व्हावा. मोबाइल बिघडला तर एका माणसाची अडचण होते; टाकी बिघडली तर ते पाणी सगळ्या शहराच्या वाट्यातून जातं.

सोसायट्यांना तर यात मोठी संधी आहे. शंभर फ्लॅटची इमारत, प्रत्येक घरात दोन संडास, अशा २०० टाक्या झाल्या. त्यातल्या फक्त दहा टाक्या मिनिटाला एक कप या हिशेबाने गळत असतील, तर दिवसाला १,४४० लिटर आणि आठवड्याला १०,००० लिटरहून जास्त पाणी जातं. हा साधारण एका टँकरचा हिशेब आहे. मार्च ते जून टँकरच्या बिलावरून ज्या सभांमध्ये आवाज चढतो, तिथे एकदा हा विषय मांडून बघावा. वर्षातून एकदा एका चांगल्या प्लंबरला बोलावून सगळ्या टाक्या तपासून घ्याव्यात, इमारतीत ज्या दोन-तीन मॉडेलच्या टाक्या जास्त आहेत त्यांची अस्सल सीलं सोसायटीच्या कार्यालयात ठेवावीत. आणि त्या प्लंबरला घाई करू नये. फ्लोटची जागा बघून, पातळीची खूण मोजून, दोन्ही बटणांचं पाणी तपासून जो काम करतो, त्याला त्या वेळेचे पैसे द्यावेत. शहरात जोडण्यांवर पाण्याचे मीटर बसवायचं काम सुरू आहे. पण मीटर सोसायटीच्या दारात येऊन थांबतो. कुठल्या घरातली टाकी गळते, हे तो सांगू शकत नाही. ते बघायला आपल्यालाच झाकण उचलावं लागतं.

झाकण उचलून काय बघायचं, तेही अवघड नाही. रात्री सगळे झोपायच्या बेतात असताना टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाकावेत आणि वीस मिनिटं कोणी बटण दाबू नये. भांड्यात रंग उतरला तर टाकीतून पाणी जातंय. मग टाकीत पाणी सोडणारा बाजूचा अँगल कॉक बंद करून टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करावी. अर्ध्या तासाने पातळी खाली गेलेली असेल तर सील गेलं. पातळी तशीच असेल आणि कॉक उघडल्यावर ओव्हरफ्लोच्या नळीत पाणी पडत असेल, तर फ्लोट व्हॉल्व्ह बघावा. कित्येकदा नुसता फ्लोट खाली केला की भागतं. सील बदलायचं ठरलं तर जुनं सील आणि झाकणाच्या आतल्या क्रमांकाचा फोटो दोन्ही घेऊन दुकानात जावं. अस्सल पार्ट त्या दिवशी मिळाला नाही तर दोन दिवस थांबावं आणि तोवर अँगल कॉक बंद ठेवून बादलीने काम भागवावं. ज्या शहराने दिवसाआड पाण्यात महिने काढले, त्याला दोन दिवस बादली जड नाही.

पाणी वाचवायचं म्हटलं की आपल्या मनात त्यागाचं काहीतरी येतं : कमी वापरा, सोडून द्या. त्याची गरज टंचाईत असतेच. पण सवयीने वाचणारं पाणी जितकं खरं, तितकंच एखाद्या वस्तूच्या नीट चालण्याने वाचणारंही खरं. ते रोज, न थकता, आपण झोपेत असतानाही वाचत राहतं. अट एवढीच की दर दोन-चार वर्षांनी आपण त्या वस्तूकडे वळावं, तिचं झिजलेलं अंग ओळखावं आणि त्या जागी तिचंच योग्य अंग बसवावं. टाकी विकत घेतली त्या दिवशी आपल्याला बचतीची शक्यता मिळाली. ती बचत आपल्या हातून दर वर्षी होते किंवा होत नाही. आजच्या दिवसाचं काम म्हणून घरातल्या टाकीचं झाकण उचलून तिचं नाव आणि क्रमांक वहीत लिहून ठेवला, तरी पुढच्या दुरुस्तीच्या वेळी काउंटरवर योग्य पार्ट मागता येईल.